मायचा रविवारचा कागद

अमरावती,
मंगळवार, १८ एप्रिल १९६७

प्रिय मैना,

तुझं पत्र आणि कुरड्यांचा डबा दोन्ही पोचले. डबा एसटीत कुणाच्या तरी पायाखाली आला असावा, कारण उघडला तेव्हा आत निम्मा चुराच होता. मी तो चुराच दोन दिवस तळून खाल्ला. इकडे ऊन असं तापलंय की दुपारी बाहेरच्या बाकावर पेशंट बसत नाहीत, सगळे येऊन माझ्या टेबलाभोवती उभे राहतात. तरी आज ड्यूटी संपल्यावर खोलीचं दार लावून तुला लिहायला बसले आहे. पत्र लांबणार. देवमन मालधक्क्यावर कामाला गेल्यावर, माय शेजारी बसायला गेल्यावर वाच. आणि इतक्यात तिला वाचून दाखवू नकोस. का, ते शेवटी सांगते.

तुझं लग्न होऊन अकरा महिने झाले. एवढ्या दिवसांत आपण दोघी निवांत बसलो अशी एकच दुपार मला आठवते, दिवाळीच्या सुट्टीतली. तू मायचं लुगडं पिळून दोरीवर टाकत होतीस आणि हळूच विचारलंस, ताई, मायच्या उजव्या हाताची तीन बोटं अशी आत वळलेली का राहिली? डावा हात तर बराच सरळ आहे. मी म्हटलं, दुखणंच तसं आहे त्याला काय करणार. तू मान डोलावलीस आणि दुसरं लुगडं उचललंस. मैना, ते उत्तर अर्धं होतं. उरलेलं आज लिहिते.

नागपूरला दीक्षा घेऊन आलो, त्याच्या पुढच्या थंडीत मायचं दुखणं सुरू झालं. त्या गर्दीत ती मला आणि देवमनला दोन हातांत घट्ट धरून चालली होती. माझ्या मनगटावर तिच्या बोटांचे वळ उठले होते, इतका जोर होता त्या हातांत. कापसाच्या जिनात सरकी निवडायला ती जायची तेव्हा बाकीच्या बाया तिच्या हाताचा वेग बघत बसायच्या. आणि पुढच्या थंडीत एक दिवस ती सकाळी चूल पेटवायला बसली तर काडी पेटीवर ओढता येईना. बोटं सुजून रताळ्यासारखी झाली होती. मग मनगटं, मग गुडघे, मग तळपाय. दोन्ही बाजूंना सारखंच. कुणी बिब्ब्याचं तेल सांगितलं, कुणी निरगुडीचा पाला बांधायला सांगितला. बाबा रिद्धपूरजवळच्या एका वैदूकडूनसुद्धा मुळी घेऊन आले. दीड-दोन वर्षं अशी गेली. जिनातलं काम सुटलं. बाबा पहाटे उठून पाणी भरून ठेवायला लागले आणि शेजारी कुणी हसलं की म्हणायचे, नळ आता लवकर येते ना बाप्पा, मंग काय करू.

अमरावतीच्या डॉक्टर गावंडेंचं नाव बाबांना जिनातल्या एका फिटरने सांगितलं. १९५९ चा पावसाळा संपत आला होता. बडनेऱ्याला गाडी बदलताना मायला पूल चढता येईना, बाबांनी तिला पाठीवर घेतलं. ती लाजेने मेली होती, डोक्यावरून पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेला. डॉक्टरांनी तिची बोटं एकेक करून दाबून पाहिली आणि सांगितलं की हा म्हातारपणाचा वात नाही. हा सांध्याच्या आतल्या अस्तराला धरतो, मध्ये निवतो, पुन्हा उसळतो, आणि उसळला की हाड खातो. त्यांनी गोळ्या दिल्या. त्यांतली एक गोळी फार गुणाची होती, पण फार दिवस घेतली तर शरीराला दुसरीकडून पोखरणारी. ती जितकी कमी तितकी चांगली, पण वेळेआधी कमी केली तर दुखणं उसळणार, असं तिचं अवघड काम. आणि आम्हाला दर आठवड्याला अकोल्याहून येणं शक्य नव्हतं.

म्हणून त्यांनी तो कागद काढला. तुला आता जो मिळतो तो छापील आहे. तेव्हाचा सायक्लोस्टाइलवर काढलेला होता, शाई पसरलेली, आठ प्रश्नांचा. सकाळी उठल्यावर हात किती वेळाने मोकळे होतात? लुगडं पिळता येतं का? भरलेली कळशी उचलता येते का? आपला अंबाडा आपल्याला घालता येतो का? दुखण्याने झोपमोड झाली का? शेवटी दहा पायऱ्यांचं एक शिडीसारखं चित्र, खाली काहीच दुखत नाही, वर सहन होत नाही; आज कुठल्या पायरीवर आहात तिथे फुली मारा. रविवारी भरायचा आणि सोमवारी टपालात टाकायचा. डॉक्टर मायला म्हणाले ते मला जसंच्या तसं आठवतं. "बाई, रक्त तपासून मला रक्तातलं कळतं. महिन्या-दोन महिन्यांनी दहा मिनिटं तुमची बोटं दाबतो, तेवढ्यातलं कळतं. बाकीचे सगळे दिवस त्या बोटांसंगं तुम्ही राहता. ते दिवस मला तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

परतीच्या गाडीत माय तो कागद मांडीवर धरून बसली होती. मूर्तिजापूर गेल्यावर म्हणाली, "इतकी मोठी झाली मी, पन तुह्यं कसं दुखते म्हून मले कोनं इचारलं नवतं व फुला. हा तं कागद छापून इचारते."

मायला लिहिता येत नाही, म्हणून कागद भरायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्षाला होते. रविवारची सकाळ आमच्या घरी सणासारखी झाली. माय अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून भिंतीला टेकून बसायची, जशी काही साक्षीलाच उभी राहणार आहे. मी प्रश्न वाचायचे. ती उत्तराला वेळ घ्यायची. भाकर थापता येते का, या प्रश्नापुढे तीनच शब्द होते, सहज, कष्टाने, नाही. त्यांतल्या एकावर खूण करायची. माय म्हणाली, "असं कसं? पयली भाकर सहज येते. दुसरी कष्टानं. चौथी येतच नाई. काय लिवशीन?" मी म्हटलं एकच लिहायचं असतं. ती म्हणाली, "मंग त्यायले समजन कसं?" शेवटी मी समासात बारीक अक्षरात लिहिलं, पहिली येते, चौथी येत नाही. पुढच्या महिन्यात नवे कागद आले त्यात प्रश्नच बदललेला होता, किती भाकरी थापता येतात? माय त्या ओळीवर बोट फिरवत राहिली. आज आपल्या दवाखान्यात दर्यापूरच्या, अचलपूरच्या, चिखलदऱ्याच्या बाया त्या ओळीला उत्तर देतात. तो प्रश्न मायचा आहे हे त्यांना ठाऊक नाही.

सहा महिन्यांत फरक पडला. कागद बघून डॉक्टर पोस्टकार्ड टाकायचे, गोळी अर्धी वाढवा, आता तशीच ठेवा, थंडीत जपा. माय सातव्या पायरीवरून चौथीवर आली, मग तिसरीवर. तसं म्हणायची सुद्धा, "आज मी तिसरीवर बसली आहो, लिही." मध्येच एखादा आठवडा वाईट जायचा, मग पुन्हा पाचवी. पण एकूण उतरण होती. तोंड थोडं भरल्यासारखं झालं, ते त्या गोळीमुळे, आणि वस्तीतल्या बाया म्हणायला लागल्या केशर बाळसं धरून राहिली. डॉक्टरांनी कळवलं की अजून दोन-तीन महिने असंच स्थिर राहिलं की गोळी हळूहळू कमी करू.

१९६० च्या जूनमध्ये माझा मॅट्रिकचा निकाल लागला आणि आठच दिवसांत अमरावतीहून नर्सच्या ट्रेनिंगचं बोलावणं आलं. राहणं, जेवण, कपडे तिकडेच. आमच्या वस्तीतून अशी कुठली मुलगी गेली नव्हती. मी ते पत्र चार वेळा वाचलं आणि ट्रंकेत खालच्या कागदाखाली घालून ठेवलं. बाबांना म्हटलं, मी जात नाही. भाकरी कोण करणार, मायला अंघोळ कोण घालणार, देवमन अजून आठवीत आहे. बाबा बादली घेऊन नळाकडे निघाले. माय चुलीजवळ होती. तिने मान वर केली नाही.

त्या रविवारी मी कागद घेऊन बसले. पहिला प्रश्न वाचला, सकाळी हात किती वेळाने मोकळे होतात? माय म्हणाली, "उठल्याबरोबर."

मैना, त्या सकाळी मला लवकर जाग आली होती. डोळे किलकिले करून मी पाहिलं होतं, माय गरम पाण्याच्या पातेल्यावर दोन्ही हात धरून बसली होती. वाफ संपली की पातेलं कोपराने चुलीवर सरकवायची आणि पुन्हा हात धरायची. मी उठले तोवर ऊन दारात आलं होतं आणि तरी ती तिथेच होती. मागच्या रविवारी दीड तास लिहिलं होतं. त्या दिवशी दोनच्या खाली काही नव्हतं.

माझी लेखणी कागदावर टेकली आणि थांबली. माय म्हणाली, "लिही नं. काहून थांबली?" मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. आणि मी लिहिलं, उठल्याबरोबर. लुगडं पिळता येतं, सहज. भाकरी, सहा. अंबाडा, सहज. तिच्या डोक्याला मीच तेल लावून अंबाडा घातलेला होता, अर्ध्या तासापूर्वी. फुली मी पहिल्या पायरीवर मारली. सगळं झाल्यावर माय म्हणाली, "पाहा बरं, मी तं बरी झाली. आता जाय तू." मी ट्रंक उघडून पत्र बाहेर काढलं.

असे पाच रविवार गेले. दर वेळी ती सांगायची, दर वेळी मी लिहायचे. मी स्वतःला म्हणायचे, तिचे हात आहेत, तिला जास्त कळतं, मी कोण तिचा शब्द बदलणार? डॉक्टरांनीच सांगितलं होतं ना की तिचंच उत्तर लिहायचं. बघ, मन किती हुशार असतं. मी जायच्या आधी दोन दिवस पोस्टकार्ड आलं, प्रगती उत्तम, सकाळची गोळी बंद करावी. बाबांनी ते मोठ्याने वाचलं. मायने हसून हात जोडल्यासारखं केलं, पण तळवे काही एकमेकांना टेकले नाहीत.

जुलैत मी इकडे आले. मला इथे फार आवडलं, हे पण लिहायला हवं. पांढरा पोशाख, माझी स्वतःची खाट, वहीत काढलेली हाडांची चित्रं, सगळं आवडलं. देवमन कागद भरायचा आणि घरून पत्र यायचं, माय छान आहे. ऑगस्टमध्ये दुसरी गोळी निम्मी झाली. मला वाचून बरं वाटायचं, आणि त्या बरं वाटण्याच्या खाली काहीतरी टोचायचं, त्याच्याकडे मी बघत नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले. मायने दारात माझ्या गालावरून हाताची मागची बाजू फिरवली. तळहात नाही. चहा झाला तशी म्हणाली, जाय, शेजारून थोडी साखर आन. साखर फळीवर होती, मला दिसत होती. तरी निघाले आणि उंबऱ्यापलीकडून मागे वळून पाहिलं. माय दोन मनगटांच्या मध्ये बशी धरून चहा पीत होती, मांजरीसारखी मान खाली घालून. बोटं बशीला लागतच नव्हती. ती सगळी आत वळून सुजलेली, नखं पांढरी. माझ्यासमोर प्यायचा नव्हता म्हणून तिने मला बाहेर पाठवलं होतं.

दुसऱ्याच दिवशी बाबा आणि मी तिला घेऊन अमरावतीला आलो. डॉक्टरांनी हात पाहिले, मग कपाट उघडून चार-पाच महिन्यांचे कागद टेबलावर पसरले. ते चिडलेले होते. मला म्हणाले, "हे जून-जुलैचे कागद तुमच्या अक्षरातले आहेत ना? यात सगळं सहज लिहिलंय. हे हात चार महिन्यांपूर्वी असे होते?" मी तिथेच ट्रेनिंग घेणारी मुलगी. खोटं लिहिणारी नर्स म्हणून मला काढून टाकतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी म्हटलं, "माय सांगत गेली तसं मी लिहीत गेले."

त्या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. मी किती वेळा तपासून पाहिलंय.

माय लगेच पुढे झाली. "पोरीले काय माहीत साहेब. म्या सांगतलं, तिनं लिवलं. चुकलं माह्यं." मग डॉक्टर तिला बोलले. फार बोलले. तुमच्या शब्दावर मी औषध ठरवतो, तुम्हीच फसवायचं ठरवलं तर मी काय करू, म्हणाले. तिने हात पदराखाली घेतले आणि शाळेतल्या मुलीसारखी मान खाली घालून ऐकत राहिली. मी तिच्या शेजारी उभी होते. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. पहाटे पाणी भरायला तेच उठायचे, त्यांना कसं माहीत नसणार? पण तेही बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि आजपर्यंत नाही.

तीन आठवडे तिला खाटेवर ठेवलं. बोटांना लाकडी पट्ट्या बांधल्या, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. सूज उतरली, डावा हात सुधारला. उजव्या हाताची तीन बोटं तेवढी तशीच राहिली. डॉक्टर म्हणाले, तीन महिने आधी कळलं असतं तर...  

त्यानंतर कागदावर एक प्रश्न सर्वांत वर आला, ही उत्तरं देताना जवळ कोण होतं? तू दर रविवारी त्यापुढे तुझ्या गोल अक्षरात सूनबाई असं लिहितेस. डॉक्टर मानतात की तो प्रश्न मायच्या खोटेपणामुळे घालावा लागला. मला माहीत आहे तो कुणामुळे आला. ट्रेनिंग संपल्यावर माझी नेमणूक त्यांच्याच विभागात झाली, आणि गेली चार वर्षं आलेली सगळी पाकिटं मीच फोडते, मीच लावते. शेकड्यांनी कागद माझ्या हातांखालून गेले. त्यातून एक गोष्ट शिकले, खऱ्या दुखण्याची उत्तरं कधी सारखी येत नाहीत. एक आठवडा तास, पुढचा पाऊण तास, ढगाळ हवेत दोन तास. कळशी उचलता येते पण अंबाडा येत नाही. समासात काहीतरी लिहिलेलं असतं, पाहुणे होते म्हणून जास्त काम पडलं, वगैरे. जिवंत माणसाचा कागद असा वर-खाली असतो. अगदी सरळ, स्वच्छ कागद आला की माझा हात थांबतो.

तू भरलेले कागद मला नेहमी आवडायचे. किती नीट विचारतेस तू तिला! जानेवारीत तर तू लिहिलं होतंस, पाच भाकरी थापल्या पण पाचवी फाटली. ते वाचून मी टेबलावर एकटीच हसले होते. पण काल मार्चपासूनचे पाच कागद डॉक्टरांपुढे ठेवताना ओळीने लावले. पाचही रविवारी अर्धा तास. पाचही रविवारी सहा भाकरी, लुगडं सहज, अंबाडा सहज, फुली दुसऱ्या पायरीवर. समास कोरे. डॉक्टर खूश झाले, एक गोळी कमी करायला सांगितली आणि कार्ड लिहायला माझ्याकडे दिलं. मी जागेवर येऊन बसले. मग तुझं पत्र पुन्हा काढलं. तू सहज लिहिलं आहेस की यंदा चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला माय आली नाही, ऊन फार आहे म्हणाली. मैना, ही बाई उन्हाला कधी भ्याली आहे? एका चौदा एप्रिलला अंगात ताप असताना ती अकोल्याच्या चौकापर्यंत चालत गेलेली मी पाहिली आहे. ती आली नाही, कारण तिचे पाय चालत नाहीत.

आज सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आधी मी डॉक्टरांकडे गेले आणि सांगितलं, हे कागद खरे नसावेत. त्यांनी विचारलं, कशावरून? मग मी १९६० चं सगळं सांगितलं. पातेल्याची वाफ, पहिल्या पायरीवरची फुली, आणि त्यांच्यासमोर म्हटलेलं ते वाक्य.  ते चष्मा काढून हातात धरून बसले. मग म्हणाले, "सिस्टर, त्या दिवशी मी तुमच्या आईला जे बोललो, ते आता मी कसं मागं घेऊ?" मी टेबलावरचे पाच कागद गोळा केले. मी निघाले तशी ते म्हणाले, कार्ड टाकू नका, शनिवारी घरी जाऊन या, आणि जमलं तर त्यांना इकडे घेऊन या, मला त्यांच्याशी बोलायचं आहे. तपासायचं आहे असं ते म्हणाले नाहीत.

आता हे सगळं तुला का लिहिलं ते सांगते. मायला मार्चपासूनच एकाएकी बरं का वाटायला लागलं, ते मला काल दुपारपर्यंत कळत नव्हतं. मग देवमनचं मागच्या महिन्यातलं पत्र आठवलं आणि शोधून काढलं. त्याने लिहिलंय, मैनाचं नाव अमरावतीच्या मास्तरणीच्या ट्रेनिंगच्या यादीत लागलं, मायला सोडून जायला ती तयार नव्हती, पण आता मायची तब्येत सुधारली तशी तयार झाली आहे. मैना, तुला दोष द्यायला मी लिहीत नाही. तू तिच्या घरात नवीन आहेस, तिने सहज म्हटलं की तू सहज लिहिणार. मी तर तिच्या पोटची होते आणि माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण एखाद्या रविवारी तुझी लेखणी थांबली असेल, आणि ती तुला काहून थांबली म्हणाली असेल, तर तो क्षण तू एकटीने सांभाळू नकोस. मी सांभाळला, सात वर्षं, आणि त्याचं ओझं कमी होत नाही. या रविवारी कागद तू भरू नकोस. मी शनिवारी दुपारपर्यंत पोचते. मी मायला सांगणार आहे की तेव्हा मला माहीत होतं, म्हणून हे पत्र तिला दाखवू नकोस, ते माझ्या तोंडून तिला ऐकू दे. मग तिला विचारणार आहे की पावसाळ्यात माझ्याकडे राहशील का. माझ्याबरोबरच्या माणिकबाई सिस्टर बदलून गेल्या, क्वार्टरची एक खोली रिकामी आहे. ती हो म्हणेल की नाही ते मी ठरवणार नाही, तिला पुरता वेळ देऊन विचारू आणि ती जे सांगेल तेच लिहू. आणि तू ट्रेनिंगला जायचंस. त्यात मागेपुढे पाहू नकोस, फॉर्मवर सही केली नसशील तर हे पत्र वाचून झाल्याबरोबर कर. मी तेव्हा गेले हे चुकलं नाही, मैना. मी खरं लिहिलं असतं तर तिच्या गोळ्या चालू राहिल्या असत्या, बाबांनी आणि देवमनने भाकरी थापल्या असत्या, त्या तशाही त्यांनीच थापल्या, आणि मी तरीही गेलेच असते. तिची बोटं आणि माझं शिक्षण, दोन्ही राहिलं असतं. कुणा एकीचं काही जायलाच हवं होतं असं नव्हतं. एवढं साधं मला कळायला सात वर्षं लागली, तुला ते आजच कळावं म्हणून लिहिलं.

तुझीच,
पंचफुला